बोडीकाठचा खड्डा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मनात येऊ देत नाही — दिवा लावते आणि घाईनं उठते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

फाटक्या तोंडाची बाई म्हणून मी गावात प्रसिद्ध. सरपंचाला तोंडावर सुनावते, ग्रामसेवकाला घाम फोडते. खरं बोलायला ही कोणाच्या बापाला भीत नाही, असं लोक म्हणतात. लोकांचं काय, म्हणतात!

आमचं गाव तिरोड्याहून चोरखमाऱ्याकडे जाताना लागतं. गावाला लागून बोडी आहे, म्हणजे लहानसा तलाव. गुरं तिथंच पाणी पितात, आणि ढिवरांची सहा घरं तिच्यातल्या मासोळीवर जगतात. पण धानावर औषध फवारलं की लोक पंप बोडीतच धुवायचे, रिकाम्या बाटल्या काठावरच फेकायचे. शेवटी एकदा गाव, शाळा, ढिवरांची सोसायटी आणि औषधाचा दुकानदार असे सगळे एकत्र बसलो. ठरलं — पंप आपापल्या धानाच्या बांधीत, म्हणजे शेतातच धुवायचा. बाटली तीनदा विसळायची आणि खिळ्यानं भोक पाडायचं, म्हणजे कोणी तिच्यात तेल-पाणी भरणार नाही. मग ती जुन्या चावडीच्या खोलीत आणून द्यायची, दुकानदाराची गाडी घेऊन जाईल. खोलीची किल्ली माझ्याकडे. बचत गटाची अध्यक्ष ना मी!

एकच माणूस भांडला — जगनभाऊ. त्याचं शेत बोडीला लागून. "काऊन नाई धुवाचा? माहा बाप इथंच धुवत होता," म्हणाला. मी भर बैठकीत त्याला असा झाडला की पोरंसुद्धा हसली. पण नंतर पहिली बाटली त्यानंच आणून दिली, हेही सांगायला हवं.

उन्हाळी धान निघालं, खोली गच्च भरली, गाडी काही आली नाही. फोन केला की "कल भेजता हूँ, बहनजी." तो कल उगवलाच नाही. आणि इकडे मी तालुक्याला छातीठोक सांगून बसले होते — आमची खोली रिकामी, सगळा माल गेला. का सांगितलं? कौतुक होत होतं म्हणून. दुसरं काहीच कारण नव्हतं.

मग तालुक्याहून निरोप आला — उद्या खोली पाहायला येतो.

त्या दुपारी सारं गाव धानाच्या रोवणीला गेलेलं. मी — थांबा, सांगते. मी एकटीनं बाटल्यांची पोती डोक्यावरून वाहिली. रानातलं पाणी जिथून बोडीत उतरतं, तिथं मुरूम काढलेला एक खड्डा होता. त्यात ती लोटली, वर माती ओढली, पळसाच्या फांद्या टाकल्या. सगळ्या बाटल्या विसळलेल्या नव्हत्या. मला ठाऊक होतं, हाताला वास येत होता. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, रिकामी खोली पाहून गेले. माझा शाल-नारळानं सत्कार झाला.

मग चार दिवस पावसाची झड लागली. पाचव्या दिवशी बोडीभर मासोळी उलटी तरंगत होती.

गावाला चोर शोधावा लागलाच नाही. जगनभाऊनं झड लागायच्या आधीच रोपांवर फवारणी केली होती. बैठक बसली. "मी यंदा एक डाव बी बोडीत पंप नाई धुतलो," तो सांगत राहिला. कोणी ऐकेना. तेव्हा ढिवरांची एक म्हातारी माझ्याकडे वळली. "तूच सांग बाई. तू खरं बोलतेस."

आणि मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा, जगनभाऊ."

एवढंच. आहे का त्यात एक तरी अक्षर खोटं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी खऱ्या वाक्यानंही देता येते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढून ढिवरांपुढे हात जोडले. "मंग माह्याच हातून झालं असन," म्हणाला.

त्यानं मानलं हो! मी म्हटलं म्हणून मानलं. शाळेत त्याच्या पोरीला जहरवाल्याची पोरगी म्हणायला लागले. मी त्या पोरांना रागावलेसुद्धा — इतकी मी निर्लज्ज!

पोती अजून तिथंच आहेत. ढिवरांनी पुन्हा मासोळीचं बीज टाकलं. पहिल्यासारखी वाढत नाही, म्हणतात. मी ऐकून घेते. दर पावसाळ्यात त्या खड्ड्यातून पाणी बोडीत उतरतं, आणि मी दुसऱ्या वाटेनं जाते.

परवा जगनभाऊ आला होता. दर फवारणीनंतर येतो. पिशवीतून एकेक बाटली काढतो, उन्हापुढे धरतो. "पाहून घ्या वहिनी, भोक पडलं का नाई." मी म्हटलं, एवढं कशाला दाखवता, ठेवून द्या. तर म्हणाला, "त्या सालचं पाप हाय माह्यावर, वहिनी. फेडून राहिलो."

मी प्रत्येक बाटलीचं भोक पाहिलं. "बरोबर आहे, जगनभाऊ," म्हटलं, आणि खोलीला कुलूप लावलं.