परत फिरवलेला कडू घास

माझी धाकटी जाऊ हेमला सुखी आहे आणि त्याचा मला संताप येतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला भली बाई समजायला नको.

सुखी असायला तिच्याजवळ आहे तरी काय? मूलबाळ नाही. घर म्हणजे टिनाची एक खोली, माझ्या घराला लागून, मधे कमरेएवढी भिंत. दिवाळी झाली की ती आणि माझा दीर देवानंद ऊसतोडीला जायचे. चार वर्षांपूर्वी ट्रक भरताना देवानंद मोळीसकट खाली पडला आणि कमरेखाली लुळा झाला. अकोल्याच्या दवाखान्यात दोन महिने काढले. तिथे शेजारच्या खाटेवर हिरीबाई नावाची म्हातारी रोज येशूची प्रार्थना करायची. हिरीबाई स्वतः काही वाचली नाही, पण मरेपर्यंत हसून बोलायची म्हणे. हेमला आमच्या गावी, किन्हीराजाला, परत आली ती तिचा येशू घेऊनच.

दीर काही चालायला लागला नाही. मी तोंडावर विचारलं, "काय देलं व तुह्या येशूनं?"

"हे नाई उठले बाई. पन मी मेल्यावानी झाली व्हती, मी जिती झाली," ती म्हणाली. वर हसली.

ते हसणं मला सोसत नाही. वर्षाचे सगळे उपास मी करते आणि चेहऱ्यावर बारा वाजलेले माझ्याच. ही लुळ्या नवऱ्याची घाण काढते आणि सकाळी उठून गाते. तेही आमच्या सासूच्या दळणाच्या चालीवर! चाल आमच्या घरातली, नाव येशूचं. भाऊकी भडकली. भाऊकीतले मोठे जानरावकाका पारावर बसून म्हणाले, पोतंभर तांदूळ मिळाला असेल, त्याशिवाय कोणी धर्म सोडतं का? मी काहीतरी मागायच्या निमित्ताने जाऊन तिचे डबे पाहून आले. तांदूळ नव्हता. ते मात्र मी काकांना सांगितलं नाही.

यंदा मार्चमध्ये देवानंद गेला. अग्नी माझ्या नवऱ्याने, पुंजाजीने दिला. तिने अडवलं नाही. पण संध्याकाळी काकांनी तेरवीचं, म्हणजे तेराव्याच्या विधीचं, काढलं तेव्हा ती उभी राहिली.

"तेरवी नाई करनार, काका. त्याईनं मले सांगून ठेवलं व्हतं. शेवटी शेवटी ते बी माह्यासंगं प्रार्थना करत व्हते."

"तेरवी नाई त भाऊकी नाई," काका कडाडले. "उद्या तू मेली तरी तुह्या दारात कोनी पाय ठेवनार नाई." एकट्या बाईला सारा जन्म याच गावात काढायचा होता, आणि हे तिलाही कळत होतं. तरी ती नाहीच म्हणाली.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. भाऊकी भाकरी-बेसन नेऊन देते, त्याला कडू घास म्हणतात. पहिला मान थोरल्या जावेचा, म्हणजे माझा. काकांनी सगळ्यांना बंदी घातली. मी ती आनंदाने पाळली, खोटं कशाला बोलू? मला तिला एकदा हात जोडून गयावया करताना पाहायचं होतं.

दोन दिवस तिच्या घरातून धूर निघाला नाही. चूल पेटवायला तिचा येशू काही तिला नाही म्हणत नव्हता. ती आमची वाट पाहत होती.

तिसऱ्या दिवशी काकांनी मला बोलावलं. "डबा घिऊन जाय. तेरवीले हो म्हनली त देजो. नाई म्हनली त वापस आनजो."

मी गेले. ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे सुजलेले, ओठ सुकलेले. मला पाहून धडपडत उठली. "आल्या बाई? मले मालूम व्हतं, तुमी येसान." आणि माझ्या गळ्यात पडून अशी रडली की माझा पदर ओला झाला. मला वाटलं, आता मोडली. मी लगेच म्हटलं, "तेरवीले हो म्हन. मंग डबा सोडतो."

ती बाजूला झाली. तोंड पुसलं. "नाई बाई."

"उपाशी मरशीन!"

"भूक लागून राह्यली, रडू बी येऊन राह्यलं. पन माह्या आतमंधी जो आनंद हाय ना, तो भुकेनं जात नाई. हे गेले तवा बी गेला नाई. तुमी न्या डबा. मले राग नाई."

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी जिंकले असते. डबा उचलून तरातरा माझ्या दारात आले, तर पुंजाजी आडवा उभा. "आत आनू नको!" मौतीच्या घरी नेलेला कडू घास परत उंबऱ्याच्या आत आणला की मागोमाग मरण येतं, असं सगळी भाऊकी मानते. काकांना ते सुचलं नव्हतं, मलाही नाही. आजवर असा डबा कोणी परत आणलाच नव्हता.

मग मी सहा भाकरी आणि बेसन घरामागे कुत्र्यांना टाकलं. भिंतीपलीकडे तीन दिवसांची उपाशी बाई, आणि अलीकडे कुत्री तिच्या भाकरीवरून भांडत होती. तेवढ्यात तिचं गाणं सुरू झालं. आवाज फाटलेला, मधेच दम लागायचा, पण त्यात तक्रार नव्हती. मी कानांवर हात ठेवले. थोड्या वेळाने तिच्या टिनावर धूर दिसला. तिने आमची वाट पाहणं सोडलं होतं.

भाऊकी तुटली ती तुटलीच. तिला कोणी लग्नाला बोलवत नाही, गावातल्या टोळीत पिकाच्या सोंगणीला घेत नाही. ती एसटीने दुसऱ्या गावी मजुरीला जाते आणि रविवारी कारंजाला प्रार्थनेला. मी तिच्याशी बोलत नव्हते.

गेल्या आठवड्यात एका सकाळी तिचं गाणं ऐकू आलं नाही. मी अंगण झाडलं, चहा ठेवला, तरी नाही. चहा गेला उतू, मी भिंतीकडे धावले आणि ओरडले, "मेली काय व हेमले?"

ती चुलीपुढे बसली होती. तोंडातला घास गिळून म्हणाली, "नाई बाई, आज लवकर निघनं हाय. भाकर खाऊन राह्यली. या ना, तुमी बी खा."

कुठल्या तोंडाने जाणार? मी गेले नाही. पण तिची भाकर संपून गाणं सुरू होईपर्यंत मी त्या भिंतीपासून हललेही नाही.