मिस हार्डेकरच्या पेटीतलं कार्ड

…पेट्यांना हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं बघ तिनं आमच्या एल्सीला. लिहितोयस ना? एल्सी माझी धाकटी बहीण, आणि पेट्या त्या मिस हार्डेकरच्या. टेकडीवरच्या घरात बसून राजाराण्यांची पुस्तकं लिहायची ती. कुठली राणी काय जेवली, कुणावर रुसली, कुणाचं डोकं उडालं, सगळं एकेका कार्डावर, आणि ती कार्डं त्या पेट्यांत. गावातल्या बायका लायब्ररीत तिच्या पुस्तकाला नंबर लावायच्या. विद्यापीठातले लोक नाक मुरडायचे, मग ही आणखी चिडून लिहायची.

एल्सी दर गुरुवारी तिथं झाडलोट करायची. एकदा चमचे पुसता पुसता बोलून गेली बिचारी. तिची पहिली पोरगी पोटातच गेली होती. तेव्हा दवाखान्यात आईला असं बाळ दाखवतच नसत. नर्सनं कापडात गुंडाळून नेलं. कुठं पुरलं विचारलं, तर म्हणे, "विसर आता, दुसरं होऊ दे." दुसरं झालंच नाही. दफनाच्या कचेरीत गेली, तर तिथल्या टायवाल्या साहेबानं दारातूनच हाकललं.

मिस हार्डेकरनं चहाचा कप खाली ठेवला. "अगं वेडे, नोंद असतेच कुठंतरी. तीनशे वर्षांपूर्वीची राजाची पोरं शोधते मी, तुझी नाही का सापडणार? एवढं पुस्तक हातावेगळं होऊ दे."

एल्सीचे पाय जमिनीवर ठरेनात. नवरा वॉल्ट म्हणाला, "मोठ्या लोकांची बोलणी ती. पण विचारत राहा हं."

पुस्तक आलं. बाळं गमावलेल्या राणीची कादंबरी. चौथ्या प्रकरणात राणी म्हणते, "हात रिकामे आहेत, तरी भरून येतात गं." वॉल्ट मोठ्यानं वाचत होता, तो थांबलाच.

"एल्सी, हे तर तू म्हणतेस."

"असू दे. राणीच्या तोंडी गेलं ना. आता शोधेल ती."

मग दुसरं पुस्तक आलं, तिसरं आलं.

"मिस, ते आमचं…"

"हो गं, हा राज्याभिषेक एकदा उरकू दे."

तेवीस वर्षं! वॉल्ट अंथरुणाला खिळला तरी विचारायचा, "आज गुरुवार ना? विचारलंस?" मार्चमध्ये गेला तो, तसाच.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मिस हार्डेकरही गेली. लंडनहून तिचा भाचा आला. म्हणाला, "हा सगळा कचरा बाहेर काढा." तेव्हा एल्सीनं पहिल्यांदा झाकण उघडलं. त्या राणीच्याच पेटीत, निळ्या शाईत लिहिलेलं एक कार्ड. मोलकरणीचं बाळ, मुलगी, जून १९६३. दक्षिणेकडची दफनभूमी, सामाईक खड्डा, नंबर ४१७. नोंद पाहिली, मे १९७१. आणि खाली लाल खूण करून, "प्रकरण चारमध्ये वापरलं."

एवढंच. सांगायचं राहिलं म्हणून नाही रे, सांगायचं असतं हे त्या मिसच्या डोक्यातच आलं नाही. आणि त्याच पेटीवरची धूळ एल्सी दर गुरुवारी पुसत होती.

चारशे सतरावर नुसतं गवत आहे. सहा बाळं एकात. वॉल्टला पुरलंय पार दुसऱ्या टोकाला, चर्चच्या भिंतीशी. त्या गवतात उभी राहून एल्सी म्हणाली, "आता कुणाला सांगू?"

ती पण गेली आता. पुस्तक मात्र लायब्ररीत आहे अजून. कुणाच्या हातात दिसलं, तर तेवढं सांग बाबा, चौथ्या प्रकरणातलं ते बोलणं कुठल्या राणीचं नाही, आमच्या एल्सीचं आहे. आणि पोरीचं नाव एल्सी-वॉल्टनं आयव्ही ठेवलं होतं, हेही सांग.