अर्ज करून गाळलेलं स्पिरिट

मद्रासेत कडक दारूबंदी असताना 'मी घरी अल्कोहोल गाळतो, येऊन बघून जा' असा अर्ज स्वतःच्या हाताने पोलिसांना नेऊन देणारा सज्जन आजवर एकच जन्मला, आणि माझ्या नशिबाने तो माझा घरमालक होता. वेस्ट मांबलममधले हे तंजावरी मामा शाळेत रसायनशास्त्र शिकवीत. सोवळे इतके, की थेंबभर अल्कोहोल असतं म्हणून ताकदीचं टॉनिकसुद्धा घेत नसत. मात्र कारखान्यातली उसाची मळी, नासका गूळ, काळी पडलेली केळी, जे हाती लागेल ते बरणीत आंबत घालीत. आल्यागेल्याला कॉफीआधी बरणीला कान लावावा लागे. मीही लावला. आत बुडबुडे फुटत होते.

"ऐकलांत कीं? माझें यीस्ट काम करतें आहे," मामा म्हणाले. "रजा नाही, संप नाही. तुमच्या ऑफिसांत असें कोण आहे कां हो?"

मी पडलो कारकून.

हा सगळा खटाटोप मामींसाठी होता. चुलीच्या धुराने त्यांना रोज पहाटे खोकल्याची उबळ येई ती तासभर थांबत नसे, आणि रॉकेलच्या वासाने तर जीव घाबरा होई. डॉक्टरांनी चूल सोडा म्हणून बजावलं होतं. मामांना बिनधुराचं इंधन हवं होतं.

अखेर बाटलीभर स्पिरिट जमलं. मामांनी परवानगीचा अर्ज दिला, आणि उत्तर म्हणून साक्षात इन्स्पेक्टरच दारात उभा राहिला. मामा हरखलेच! त्याला आग्रहाने बसवून त्यांनी स्पिरिटचा स्टोव्ह पेटवला. निळी ज्योत, धुराचं नाव नाही. मामींनी त्यावर दूध तापवलं, एकदाही न खोकता. इन्स्पेक्टरने कॉफीची तारीफ केली, हात जोडून "सार, कायदा आहे" म्हटलं, आणि बाटलीसकट सगळ्या बरण्या मोरीत रिकाम्या केल्या. मास्तर आहेत म्हणून धरून तेवढं नेलं नाही.

"पण मामा, अर्ज करायचाच कशाला?" मी चिडून विचारलं.

"अय्यो, न विचारतां कसें करायचें हो?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा खोकला ऐकू आला. आवाज मात्र जाड होता, म्हणून मी डोकावलो. जन्मात कधी स्वयंपाकघरात न शिरलेले मामा फुंकणी घेऊन चुलीपुढे बसले होते. मामी बाहेर अंगणात, मोकळ्या हवेत उभ्या होत्या. पुढे मी मद्रास सोडेपर्यंत त्या घरात रोज पहाटे मामाच खोकत होते.