भातावरचा बोलिव्हिया

आमच्या व्याह्यांइतका चारचौघांत मान खाली घालायला लावणारा माणूस महाड-पोलादपुरात दुसरा सापडायचा नाही, हे मी त्यांची विहीण म्हणून छातीठोकपणे सांगते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा सालस माणूस चागास नावाच्या, काळीज पोखरणाऱ्या रोगाच्या जंतूवर जीव लावून बसलाय, आणि तो जंतू राहतो कुठे, तर दक्षिण अमेरिकेत! आमच्याकडे आले की चहाआधी गाद्या उचलून बघणार. का, तर तो जंतू पसरवणाऱ्या रक्त पिणाऱ्या किड्यांची एक जात आपल्याकडेही आहे. शेजारणीसमोर व्याह्याने आपल्या घरात ढेकूण शोधावेत का हो? माझ्या लेकीच्या लग्नात तर भर पंगतीत त्यांनी पानातल्या भाताची दक्षिण अमेरिका केली, वर मेक्सिकोचा शेंडा काढला आणि तिच्यावर वाल मांडले. "विहीणबाई, जंतू एकच, पण घराणी सहा. वटवाघळांतलं सातवं. पहिलं मेक्सिकोपासून पार अर्जेंटिनापर्यंत पसरलेलं. दुसऱ्या-तिसऱ्याची सोयरीक होऊन हे पाचवं आलं, ते इथे खाली, बोलिव्हियाकडे." दुसरी पंगत खोळंबली तरी यांचा बोलिव्हिया संपेना. भाताच्या नकाशाची गोष्ट पंचक्रोशीत झाली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तुडील गावात एका घराच्या कोंबड्यांच्या खुराड्यात त्यांना तो किडा सापडला. आनंदाच्या भरात त्यांनी फोटो काढून गावच्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर टाकला. सोबत स्वतःच्या आवाजात लांबलचक खुलासा: किडा इथे आहे, जंतू मात्र नाही. खुलासा ऐकतो कोण! फोटो तेवढा फिरला, आणि त्यात मागे त्या घराचं दार स्पष्ट दिसत होतं. 'काळीज खाणारा किडा' म्हणून तो पोलादपूरकडच्या एका वाडीत पोचला आणि त्या घरच्या मुलीचं तिथे ठरलेलं लग्न मोडलं. मुलीची आई शोधत शोधत आमच्या ओटीवर आली. व्याही तिथेच बसले होते.

"सर, तुमच्या फोटूनं माज्या पोरीचं लगीन मोडलान. आता कुनाला तोंड दावू मी?"

कप खाली ठेवून व्याह्यांनी तिला नवऱ्यामुलाच्या वाडीची वाट विचारली.

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ते त्या वाडीत गेले. देवळासमोर सगळ्यांदेखत त्यांनी डबीतला तोच किडा आपल्या मनगटावर सोडला. "रोग असेल तर आधी मला होईल. घर चांगलं आहे, पोर गुणाची आहे. चुकलो मी." किडा निवांत रक्त पीत राहिला. मला रडावं की पळून जावं कळेना. शेवटी नवऱ्यामुलाची आजीच ओरडली, "अवो मास्तर, झटका त्याला! लगीन व्हनार, जावा!" यातून शास्त्र काय सिद्ध झालं देव जाणे. निघेपर्यंत हात टरारून सुजला होता आणि आजी त्यावर हळद चोळत होती.

लग्नाला व्याही आणि मी दोघंही गेलो. ते पंगतीत अगदी टोकाला बसले, मी शेजारी. नवरी वाढायला आली, भाताचा ढीग घातला आणि हळूच म्हणाली, "सर, नकाशा काढा ना."

"नको गो बाय. बोललो तेवढं पुरे झालं."

हल्ली ते गाद्या उचलत नाहीत. चहा घेतात, हवापाण्याचं बोलतात आणि जातात. असा शहाणा व्याही मी देवाकडे किती वेळा मागितला होता, आणि आता तो मला बघवत नाही. त्या दिवशी लग्नाच्या पंगतीतही मला राहवलं नाही. मी माझ्या पानातला एक वाल उचलून त्यांच्या भातावर ठेवला. म्हटलं, "हे पाचवं घराणं." मुद्दाम पार वर, मेक्सिकोत ठेवला.

व्याह्यांनी त्या वालाकडे पाहिलं. मग एका बोटाने तो हळूच खाली बोलिव्हियात सरकवला, आणि मान खाली घालून जेवू लागले.