‘हो’ म्हटलं की थांबणारी घोडी

आमच्याकडे घोडी आली ती हौसेनं नव्हे, आईचा गुडघा गेला म्हणून. आई सुईण होती. मळवलीपासून पवनेच्या खोऱ्यापर्यंतच्या बाया तिला मावशी म्हणत आणि बाळंतपणाला ती सगळीकडे पायीच जाई. माझी धाकटी बहीण लोहगडाच्या पलीकडे, पवनेकाठच्या गावात दिली होती. तिची पहिली खेप श्रावणात आली. ओढे भरलेले म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी धाडलं नाही. निरोप मिळताच आई निघाली, पण खिंडीच्या चढावर गुडघ्यानं दगा दिला, आणि ती पोचली तोवर मूल गेलेलं होतं. मी तिला आणायला गेलो, परतीच्या वाटेवर आई कुणाशी एक शब्द बोलली नाही. बहिणीला पुन्हा दिवस गेले आणि ऐन भातकापणीत घरची बाई माहेरी पाठवणार नाही असं सासूनं कळवलं, तेव्हा आई मला म्हणाली की या वेळी मला वेळेवर पोचायचं आहे, कसं ते तू बघ.

मी बघितलं आणि पस्तावलो. लोणावळ्याच्या स्टेशनावर टांगा हाकणारे एक मुसलमान चाचा माझ्या वडिलांचे जुने स्नेही. त्यांच्याकडे एक पोरसवदा घोडी होती. आधीच्या मालकानं घाई करून तिच्या तोंडात काटेरी लगाम घातला होता, त्यानं जीभ आणि ओठांचे कोपरे फाटले होते. आता लोखंड नुसतं समोर आणलं तरी ती दोन पायांवर उभी राही. टांग्याला निकामी म्हणून चाचांनी ती मला देऊन टाकली. तोंडात काही घालायचं नाही, तोंडाभोवती बांधायच्या दोरीच्या मोरखीवर आणि आवाजावर तयार कर, एवढंच त्यांनी बजावलं. खोगिराचा प्रश्नच नव्हता. रिकिबीत पाय अडकवायचा तर गुडघा वाकवून ठेवावा लागतो, आणि तो तर आईचा वाकतच नव्हता. म्हणजे पाठीवर घडी घातलेली घोंगडी, तोंडावर दोरी, आणि वर साठीची बाई. असं वाहन मला भातकापणीच्या आत तयार करायचं होतं.

मला घोड्यातलं काही कळत नव्हतं, बैलातलं कळत होतं. त्या घोडीनं माझ्या नाकी नऊ आणले. घोंगडी टाकली की ती मान वळवून घोंगडीचं टोक चावायची. भाताचं पोतं लादलं तर पोत्यासकट खाली बसायची. मी स्वतः बसलो की संथपणे चालत जांभळीखाली जायची आणि खालच्या फांदीनं मला अलगद खरवडून काढायची. दोरी उजवीकडे ओढली की ती उजवीकडे बघे, आणि जाई डावीकडे. ओट्यावर पाय पसरून बसलेली आई हे सगळं बघायची आणि मला सल्ले द्यायची. त्या सल्ल्यांनी माझं डोकं घोडीपेक्षा जास्त फिरायचं.

एक गोष्ट मात्र ती पहिल्यापासून झकास शिकली. जिभेनं चक् केलं की चालायचं आणि ‘होऽ’ म्हटलं की थांबायचं. बैलाला आम्ही तसंच थांबवतो, म्हणून माझ्या तोंडून तेच निघालं. आणि ही थांबायची कशी, तर पाय जमिनीत रोवून. उतारावर थांबायची, ओढ्याच्या मधोमध थांबायची. पाऊस सरता सरता ती गुडघ्याच्या दाबानं वळायलाही लागली. मी खूश झालो. चाचांना मुद्दाम बोलावून दाखवली. ते पोट धरून हसले.

“आरं, तू घोडी न्हाई तयार केली, बैल केलास,” ते म्हणाले.

मला राग आला, पण काम झाल्याशी मतलब होता. दसऱ्याला मी आईला घोडीवर बसवलं आणि गावातून निघालो. पहिल्याच दारातून शेजारणीनं विचारलं, मावशी, बसलात का एकदाच्या? आई हसून म्हणाली, “हो.”

घोडी जागच्या जागी थांबली आणि आई तिच्या मानेवर गेली.

इथं सांगायला हवं की आई पुण्यातल्या पेठेत वाढलेली. आमचं अख्खं गाव ‘व्हय’ म्हणतं, मी ‘व्हय’ म्हणतो, माझे वडील जन्मभर ‘व्हय’ म्हणत गेले. आई मात्र लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी ‘हो’ म्हणायची. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आईचं बोलणं कानांवर इतकं बसलं होतं की घोडीला शिकवताना ते डोक्यातच आलं नाही. आणि सुईण रस्त्यानं निघाली की प्रत्येक दारातून काहीतरी विचारणारच. मावशी, अळीव देऊ का? हो. मावशी, सून बरी न्हाई, येऊन जाता का? हो हो. घोडी थांबे, मी चक् करी, घोडी चाले, आई पुन्हा हो म्हणे. मारुतीच्या देवळापर्यंत जायला इतका वेळ लागला की आईचा बसून बसून दुसराही गुडघा धरला.

मी तिला सांगितलं की ‘व्हय’ म्हणत जा. तिनं साफ नाकारलं. माझी जीभ तुझ्या बापासाठी वाकली नाही, तर घोडीसाठी वाकवू का, असं मला ऐकवलं. मग मी घोडीला थांबण्यासाठी ‘हो’च्या जागी ‘थीर’ शिकवायला घेतलं. तेही ती शिकली, आणि आता दोन्हींवर थांबू लागली. त्याहून वाईट म्हणजे ती नुसत्या ‘हो’वर थांबेना, ‘होतं’वर, ‘होईल’वर, ‘होळी’वरसुद्धा थांबायला लागली. गावातल्यांचं व्हतं आणि व्हईल तिला बाधत नव्हतं. सगळी अडचण माझ्या आईच्या शुद्ध बोलण्याची होती. मी दोघींपुढे हात टेकले. रोज सकाळी आई घोडीला शिव्या द्यायची, मी आईवर चिडायचो आणि घोडी घोंगडी खायची.

कापणी भरात असताना एका सकाळी बहिणीचा दीर धापा टाकत आला. पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या. आईनं गाठोडं घेतलं, मी तिला घोडीवर चढवलं. निघण्याआधी तिनं पदराचा बोळा केला आणि तोंडात धरला.

भाजे गावापर्यंत दोन्हीकडच्या खाचरांत माणसं कापणीला वाकलेली होती. मावशीला घोडीवर पाहिल्यावर कोण गप्प बसणार? लेकीकडं निघालात का, कळा लागल्या का, दम धरा मावशी, देव भलं करंल. आई नुसती मान हलवायची. मी पुढं दोरी धरून धावत होतो आणि तिच्या वतीनं व्हय व्हय म्हणत होतो. बांधावरची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली की घोडं मिळालं आणि मावशीला बोलायची लाज वाटाया लागली. आईनं तेही गिळलं. घोडी एकदाही थांबली नाही. दसऱ्यापासून मी हेच मागत होतो, आणि आता ते मला सोसवत नव्हतं. असं गप्प बसलेलं मी तिला एकदाच पाहिलं होतं.

खिंडीच्या माथ्यावर तिनं बोळा काढला.

“तू काहीतरी बोल रे. मी गप्प बसले की मला मागचंच दिसतं.”

मग उतारभर मी बोलत राहिलो. बैलांचं, पेंढ्याचं, चाचांच्या टांग्याचं, जे सुचेल ते. आयुष्यात आईशी मी इतकं कधी बोललो नव्हतो. तिनं बोळा परत दातांत धरला होता आणि तिचे डोळे वाहत होते.

पोचल्यावर ती लंगडत आत गेली आणि दार लागलं. मी घोडी आंब्याला बांधली. दीर पाणी घेऊन आला, मी ते प्यायलो नाही. बहीण ओरडत होती, मग ओरडायची थांबली, आणि मला वाटलं, संपलं. मला घोडीचा राग आला, खिंडीचा आला, बहिणीच्या सासूचा आला, सगळ्यांत जास्त त्या बंद दाराचा आला.

दार उघडलं तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती. घाम कपाळावरून निथळत होता, ओठ घट्ट मिटलेले. ती काही सांगेना. माझा संयम सुटला.

“आता तरी बोल की गं,” मी ओरडलो. “घोडी बांधलीय.”

“गप्प बस जरा,” आई म्हणाली. “आत तुझी भाची रडतेय, ऐकू येत नाही का? आधी तिला बोलू दे.”