खोटा सोमवार

आमच्या बेटाला स्वातंत्र्य मिळून दहा-अकरा वर्षं झाली होती. आम्ही तिथल्या व्हाकोआ गावात राहत होतो. नवरा सरकारी कचेरीत होता. दवाखान्यातल्या डॉक्टरने माझं प्रेशर बघितलं आणि वजन उतरवा म्हणून फ्रेंचमध्ये छापलेला कागद हातात दिला. नवऱ्याने वाचून दाखवला: उकडलेला मासा, सालाद, बिनसाखरेचा चहा. सगळ्यांसाठी पराठ्यांसारखे फराटे लाटायचे आणि आपण पानं चघळायची, हे चार दिवसांच्या वर जमलं नाही. शिवाय दुसऱ्याच्या घरी माझ्या तोंडून "नको" निघतच नसे. गातो पिमां, म्हणजे डाळीचे गरम मिरचीवडे, पुढे आले की मी मान खाली घालून खायची. तीन लाजेपोटी, आणखी दोन आवडीपोटी.

एकदा देवळात हळदीकुंकवाला एकीने बशी पुढे केली आणि मी बोलून गेले, "माझा सोमवार आहे." बशी लगेच मागे गेली. आमच्याकडे उपासाच्या बाईला कोणी आग्रह करत नाही. मला सुटल्यासारखं झालं. मग सोमवारला मी गुरुवार जोडला. ब्लाउज आत घ्यावे लागले.

सासूबाईंनी विचारलं, "कशासाठी धरलास ग?"

मी गप्प राहिले. नवस बोलून दाखवायचा नसतो, त्यामुळे त्यांना माझं गप्प बसणं बरोबरच वाटलं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या सोमवारी त्यांनीही ताट परत केलं.

"दोघींनी मागितलं तर त्याला ऐकावंच लागेल, पोरी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या सत्तरीच्या, लहानपणापासून उसात राबलेल्या. मनगट माझ्या दोन बोटांत मावायचं. उपासाच्या दिवशी एक केळं आणि कपभर चहा, बस. आज सांगू असं मी रोज ठरवायची आणि आरशासमोर उभी राहिले की वाटायचं, अजून दोन किलो उतरू देत. कोणी वाचणार नाही, तरी हे लिहिताना लाज वाटते.

एका गुरुवारी त्या अंगणात कपडे धुवायच्या दगडापाशी कोसळल्या. शेजारीण साखरपाणी घेऊन धावली. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. "उपास आहे."

शेजारीण गेल्यावर मी पेला हातात धरून म्हटलं, "आई, प्या. नवस नाही. मी नवस केलाच नव्हता."

"मग काय होतं?"

"डॉक्टरने वजन उतरवायला सांगितलं होतं. मला जमत नव्हतं, म्हणून."

"म्हणजे अडीच महिने मी तुझ्या कमरेसाठी उपाशी?"

मला वाटलं, आता हसतील. हसल्या नाहीत. पेला बाजूला सारला. "तुझा खोटा असेल. माझा खरा आहे. मी मागितलंय, मी सोडणार नाही."

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी पाया पडले, रडले. शेवटी त्या म्हणाल्या, "उपासाच्या दिवशी संध्याकाळी जेवीन. पण तू समोर बसायचं, आणि माझ्या ताटात जेवढं तेवढंच तुझ्या. रोज. कमी नाही, जास्त नाही."

तेव्हापासून तसंच चाललं. दुधीसारख्या शुशूची भाजी, मसूर, मूठभर भात. त्यांच्या अंगी लागावं म्हणून मी त्यांना एक डाव जास्त वाढायची. त्या माझ्या ताटाकडे बोट दाखवायच्या. "तुझ्यात नाही आला." मग मलाही घ्यावा लागे. त्या थोड्या भरल्या, मी उतरले ती उतरलेलीच राहिले. डॉक्टरचा कागद चार दिवस टिकला होता, हे आठ वर्षं टिकलं. देवळाच्या मंडळातल्या बायका विचारायच्या, "इतकी वर्षं कसं ग जमतं तुला?" मी हसून पदर सारखा करायची.

मूल झालं नाही. प्रेशर मात्र उतरलं.

दर सोमवारी जेवायच्या आधी त्या डोळे मिटून बसत. भाजी निवून जाई. काय मागताय, हे मी कधी विचारलं नाही, आणि आता पुरे म्हणायला माझं तोंड नव्हतं. शेवटच्या आजारपणातही सोमवारी त्यांनी हात जोडले. मी वाटी धरून समोर बसले होते.