तात्यांनी सोडलेली हाळी

बारामतीच्या स्टँडवर वालचंदनगरच्या गाडीची वाट बघत होते, तेव्हा वडिलांचा फोन आला. "तात्या गेलं," एवढंच म्हणाले. गाडी लागली, लोक चढले, मीही चढले. काटेवाडी मागं पडल्यावर मनात आलं, की महिन्यापूर्वी त्यांनी मला जे सांगितलं, ते आता माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही... म्हणून हे लिहितेय. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

तात्या माझे थोरले चुलते. आजोबांच्या काळात आमच्याकडं मेंढरं होती. ती विकली, वडील आमच्या गावी, कळंबलाच शेती करू लागले आणि तात्या लांबच्या एका शहरात प्राणिसंग्रहालयात नोकरीला लागले. तिथं त्यांच्याकडं गौरी नावाची अस्वलीण होती, अगदी पिल्लू असल्यापासून. संध्याकाळी तिला आतल्या पिंजऱ्यात बोलवायला ते आमच्या घरातली मेंढरांची हाळी द्यायचे, "हुर्रऽऽ ये, ये, ये!" सुट्टीला आले की सांगायचे, "मेंढरावानीच येती बघ. केसं तेवढी जास्त." काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गावाकडून परत निघताना त्यांना घाई असायची. "माझी वाट बघत आसंल," म्हणायचे. कोण, ते कुणी विचारायचं नाही.

मग ते सगळं घडलं. खाली पडलेला मोबाईल काढायला एक तरुण कठडा ओलांडून गौरीच्या खंदकात उतरला आणि घसरून पाय मोडून बसला. गौरी त्याच्याजवळ गेली, तिनं त्याचा हात धरला. वर माणसं ओरडत होती. बंदूक आली, पण दोघं इतके जवळ, की नेम धरता येईना. साहेबांनी तात्यांना सांगितलं, "तिला बोलव. बाजूला काढ." तात्यांनी आतल्या पिंजऱ्याचं दार उघडलं आणि हाळी दिली. गौरीनं हात सोडला, ती दाराकडं निघाली, अर्ध्यात थांबली आणि तात्या कुठं दिसतात ते बघायला दोन पायांवर उभी राहिली... तेव्हाच गोळी सुटली. तरुण वाचला.

कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ आमच्या गावातही आला. गौरी परत फिरली असती तर काय, असं एक म्हणायचा. येतच होती की, मग मारली कशाला, असं दुसरा. त्या व्हिडिओत तात्या दिसत नाहीत, फक्त हाळी ऐकू येते. पुढं ते नोकरी सोडून कळंबला आले, रानातल्या पत्र्याच्या खोलीत राहू लागले, शेळ्या पाळल्या. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणायचं, "काय तात्या, आज औताला बैल न्हाय. अस्वल बोलवता का जरा?" तात्या कप ठेवून उठायचे. हळूहळू टपरीवर जायचेच बंद झाले.

गेल्या महिन्यात कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. माणसाला वाचवण्यासाठी प्राण्याला मारणं योग्य की अयोग्य, असा विषय. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, कुणाला विचारावं कळेना, म्हणून भीतभीत तात्यांकडं गेले. ते शेळ्यांना सुबाभळीचा पाला टाकत होते.

"योग्यच व्हतं," ते म्हणाले. "कुणाच्या तरी आईचं पोर व्हतं ते. तसंच बोल तू."

"मग तुम्ही नोकरी का सोडली, तात्या?"

त्यांनी पाल्याची आणखी एक फांदी मोडली. "आपल्यात खाटकाला द्यायच्या मेंढराला हाळी देत न्हाईत, ठावं हाय का तुला? तुझ्या आज्याचा नेम व्हता. जाऊन हातानं धरून आणायचं. हाळी दिली म्हंजी, ये, हितं मी हाय..."

"तुम्हाला बंदूक दिसत होती?"

"दिसत व्हती. पर दार उघडं व्हतं गं. वाटलं, आत शिरंस्तवर थांबतील."

मी स्पर्धेत त्यांनी सांगितल्याप्रमाणे योग्य या बाजूनं बोलले. आजही मला तेच पटतं. पण ते उघडं दार वादाच्या कुठल्याच बाजूला बसेना.

आता शेळ्या आमच्याकडं आहेत. पहिल्या संध्याकाळी त्या कालव्याच्या कडेला चरत होत्या, वडिलांनी दारातून हाळी दिली. एकीनंही मान वळवली नाही. "बहिऱ्या हायत का काय!" वडील चिडले. त्यांना ठाऊक नव्हतं... तात्यांनी या शेळ्यांना कधी हाळी दिलीच नव्हती. कॉलेजातून येताना मी बघायचे, ते रोज बांधावरून चालत त्यांच्यापर्यंत जायचे, थोडा वेळ नुसते शेजारी उभे राहायचे आणि परत फिरायचे.

आता कॉलेजातून आले की मी जाते. पत्र्याच्या खोलीला कडी असते. शेळ्यांजवळ जाऊन नुसती उभी राहते. मग वळून घराकडं चालू लागते, आणि जरा वेळानं मागं खुरं वाजू लागतात.